पाळणाघरातला मार्च

आमच्या घरात नवं वर्ष गुढीपाडव्याला लागत नसे. गुढी उभारली जायची, कडुनिंबाचा पाला तोंड वाकडं करून खाल्ला जायचा, सगळं रीतसर व्हायचं. पण वर्ष लागायचं ते एक एप्रिलला, बाबांनी स्वयंपाकघरातल्या फळीवरचे डबे खाली उतरवले की. बाबा यवतमाळला कोषागारात कारकून होते. सरकारचा पैसा कुठल्या नावाखाली आला आणि कुठल्या नावाखाली गेला हे बघण्यात ज्याचा दिवस जातो, तो माणूस घरी येऊन वेगळा वागेल ही आशा आईने लग्नाच्या पहिल्याच वर्षी सोडून दिली होती.

डबे बिस्किटांचे, पत्र्याचे. त्यांवर बाबांच्या अक्षरात चिठ्ठ्या डकवलेल्या: दूध, शाळा, औषध, देवधर्म, पाहुणे आणि आकस्मिक. पगार झाला की ज्याचं त्याच्यात पडायचं. दुधाचा पैसा औषधाला चालत नसे, देवधर्माचा पाहुण्यांना चालत नसे. एकदा मला ताप आला तेव्हा औषधाचा डबा रिकामा होता आणि देवधर्माचा भरलेला. आईने देवापुढे हात जोडले, त्याची माफी मागितली आणि त्याच्याच डब्यातून पैसे काढून डॉक्टरकडे गेली. संध्याकाळी बाबा म्हणाले, "निदान मला विचारून तरी वळवायचे." आई म्हणाली, "ज्याचे होते त्याला विचारलं."

पण खरी गंमत मार्चात. एकतीस तारखेला ज्या डब्यात जे उरेल ते बाबा काढून घ्यायचे, आणि जेवढं उरलं तेवढं पुढच्या वर्षी त्या डब्यात कमी टाकायचे. "लागलं नाही म्हणजे गरज नव्हती," एवढंच त्यांचं म्हणणं. आई काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. मार्चचा शेवटचा आठवडा आला की ती डबे हलवून बघायची आणि पाहुण्यांचा डबा वाजला की बाभुळगावला आत्याकडे निरोप जायचा. आत्या शेतकऱ्याघरची. ती भर उन्हात एसटीतून उतरायची, ओट्यावर बसून पदराने वारा घ्यायची आणि दरवर्षी एकच विचारायची, "अवं वहिनी, दिवाळीले बोलवाव तं मार्चात कायले बोलावतं मले?"

आई हसायची आणि श्रीखंड वाढायची. शेजारपाजारच्या बायका यायच्या, पन्हं व्हायचं, कुरड्यांचा चीक व्हायचा, आणि डबा रिकामा होईपर्यंत आत्याला जाऊ दिलं जात नसे. पुढे मी कितीतरी दिवाळ्या पाहिल्या, पण त्या मार्चच्या पाहुणचाराची सर कशालाच आली नाही. एका वर्षी आत्याचा पाय मोडला आणि ती आली नाही. डबा तसाच राहिला, बाबांनी तो रिकामा करून घेतला आणि पुढचं सगळं वर्ष आईला पाहुण्यांपुढे हात आखडता घ्यावा लागला. त्या वर्षी तिची जी तगमग झाली ती मी जवळून पाहिली. माणसाला चार माणसं घरी आली असताना कमी पडलं म्हणून वाटणारी लाज फार वाईट असते.

अशा घरात वाढलेली मी लेकराबाळांच्या आणि बायकांच्या योजना बघणाऱ्या एका सरकारी कार्यालयात, लेखा शाखेत लागले. मला शिकवायला कोणाला फार कष्ट पडले नाहीत. लोकांना वाटतं, राज्याचा अर्थसंकल्प म्हणजे मुंबईत मंत्री भाषण करतो तो दिवस. तो शेवटचा दिवस. पहिला दिवस त्याच्या कितीतरी आधी, आमच्यासारख्या खोलीत उगवतो. पंखा कुरकुरत असतो आणि वरून विचारणा येते: पुढच्या वर्षी तुम्हाला किती लागेल, आणि मागच्या तीन वर्षांत प्रत्यक्ष किती लागलं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर कोणी मनापासून वाचत नाही. सगळ्यांची नजर दुसऱ्यावर. मग ती मागणी अमरावती, पुणे, मुंबई अशी चढत जाते आणि प्रत्येक पायरीवर थोडी थोडी बारीक होते. मंजूर झालेली रक्कम त्याच पायऱ्यांनी खाली येते, तीही रमतगमत.

यात पुलांचं आणि रस्त्यांचं बरं असतं. अर्धा बांधलेला पूल नदीत उभा असतो, येणारा-जाणारा त्याच्याकडे बोट दाखवतो, आमदाराला लाज वाटते आणि उरलेल्या अर्ध्याला पैसा मिळतो. लेकराच्या जेवणाचं तसं नाही. यंदा ते जेवलं नाही तर पुढच्या वर्षी ती भूक कोणाला दाखवता येत नाही. लेकरू तर मोठं होऊन पळत असतं. माणसांसाठी केलेला खर्च मागे काही ठेवून जात नाही, आणि म्हणून दरवर्षी तो नव्याने मागावा लागतो. हे मला पहिल्या दोन-चार वर्षांतच कळलं, आणि तेव्हापासून माझ्या स्वभावात जो तिखटपणा आला तो आजपर्यंत आहे.

आमच्याकडच्या योजनांत एक अगदी लहान योजना होती: कापूस वेचणीच्या हंगामात चालणारी पाळणाघरं. लहान म्हणजे इतकी लहान की बैठकीत तिचं नाव येईपर्यंत साहेब लोक चहाकडे वळलेले असायचे. त्यातलं एक पाळणाघर बोरी अरबच्या पुढे एका खेड्यात होतं. वेचाईचे पैसे किलोवर मिळतात. कडेवर लेकरू असलं की बाईचा एक हात गेला आणि किलो कमी झाले. लेकरू धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, झाडाला झोळी बांधून ठेवलं तर जीव अर्धा तिकडे. त्यात विंचू-काटा आलाच. म्हणून दसऱ्या-दिवाळीपासून कापूस संपेपर्यंत गावातल्या एका खोलीत ही लेकरं सांभाळायची, दूध द्यायचं, खिचडी द्यायची, निजवायचं. सांभाळणाऱ्या बाईला सगळे ताई म्हणत. मीही ताईच म्हणते.

ताई शेतकरी घरातल्या. कापूस, तूर, दोन म्हशी, आणि स्वतःचं लेकरू नाही. अंगाने भरलेल्या, आवाज शेताच्या त्या टोकाला ऐकू जाईल असा. मी तपासणीला गेले की त्या मला आधी जेवायला बसवायच्या आणि मग तपासू द्यायच्या. दर हंगामाची त्यांची एक रीत होती. पहिल्या वेचणीला शेतकरी शेतात सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, तसा त्या पाळणाघराच्या उंबऱ्यावर दाखवायच्या. "वावरात कापूस पिकते, मॅडम, अन् इथं लेकरं," असं म्हणायच्या.

आणि मग एका वर्षी परतीचा पाऊस असा आला की झाडावरच बोंडं काळी पडली. वेचणी लवकर आटोपली. बाया घरी बसल्या, लेकरं आयांजवळ गेली आणि पाळणाघर हंगाम संपायच्या आत रिकामं झालं. आहाराचा बराच पैसा उरला.

दुसरा कोणीही असता तर त्याने चार चटया, दोन पातेली, गेला बाजार भिंतीला रंग, काहीतरी शोधून काढलं असतं. ताईंनी तो पैसा बँकेत सरकारजमा केला, ठेवणीतलं लुगडं नेसल्या आणि एसटीने यवतमाळला आमच्या कार्यालयात आल्या. बरोबर पिशवीभर ओल्या तुरीच्या शेंगा. त्यांच्याकडे उसनं आणलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत, त्यात मूठभर काहीतरी घालूनच देतात. सरकारचा पैसा परत करायचा तर तोही नुसता कसा करायचा? म्हणून शेंगा.

"हे उरलं व्हतं, साहेब," बँकेची पावती टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या. "अन् ह्या शेंगा, आमच्या वावरातल्या."

आमचे लेखाधिकारी साहेब तसे मजेदार माणूस. त्यांनी पावती पाहिली, शेंगा पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. "ताई," ते म्हणाले, "हे काय करून बसलात!"

ताईंना वाटलं, एवढ्या लांबून शेंगा आणल्या म्हणून साहेब ओशाळले. त्या हसल्या. "कायचं काय जी, घरच्याच त आहेत."

त्या दुपारी आम्ही शेंगा मीठ घालून उकडून खाल्ल्या. फार गोड होत्या. साहेब एकेक दाणा तोंडात टाकत होते आणि मान हलवत होते. त्यांना पुढचं दिसत होतं, मलाही दिसत होतं. पाहुण्यांचा डबा वाजला होता आणि तो बाबांच्या हाती पडला होता.

पुढच्या वर्षी तरतुदीचं पत्र आलं तेव्हा त्या पाळणाघरापुढे रक्कमच नव्हती. मागील खर्च कमी, सबब गरज नाही. मी साहेबांपुढे पत्र आपटलं. "पाऊस पडला म्हणून लेकरं कमी झाली, यंदा कापूस चांगला आहे, हे यांना कोणी सांगायचं?"

"आपणच सांगितलं होतं," साहेब म्हणाले. "पण ते शेऱ्यात लिहिलेलं होतं. शेरे वर जाईपर्यंत गळून पडतात, आकडे तेवढे पोचतात."

मी स्वतः ताईंना सांगायला गेले. त्या पाळणाघराची खोली शेणाने सारवत होत्या, हंगाम दारात होता. मी सांगितलं. त्यांनी हात धुतले आणि पदराला पुसले.

"मंग म्या काय चोरी केली काय, मॅडम? जे उरलं ते वापस देल्लं ना?"

"चोरी केली असती तर पाळणाघर चालू राहिलं असतं," माझ्या तोंडून निघून गेलं. ते खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं.

त्या हंगामात खोलीला कुलूप राहिलं. धुऱ्यावरच्या बाभळींना पुन्हा झोळ्या लागल्या. ताई स्वतःच्या पडवीत सात-आठ लेकरं सांभाळत, म्हशींचं दूध पुरेल तेवढं पाजत, पण बाकीच्यांना नाही कसं म्हणायचं आणि हो तरी कसं म्हणायचं? गावात गोष्ट फुटायला वेळ लागला नाही. वेचणाऱ्या बायांमध्ये एक फार तोंडाळ होती, तिचं धाकटं तेव्हा रांगत होतं. तिने भर पाणवठ्यावर ताईंना ऐकवलं, "तुह्या इमानदारीपायी आमचे लेकरं धुऱ्यावर आले. कोनी सांगतलं व्हतं तुले पैसे वापस द्याले?"

हे ताईंनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांचा तो शेताच्या टोकाला जाणारा आवाज अगदी खाली आला होता. "पाळणाघर बंद पडलं त्याचं दुःख हायेच," त्या म्हणाल्या, "पन ते माह्या हातानं बंद पडलं म्हन्तेत. मले गावात मान वर करून चालता येऊन नाही राह्यलं, मॅडम."

मी तेव्हापासून त्या फाइलीच्या मागे हात धुऊन लागले. सुधारित मागणी लिहिली. दरवर्षी हिवाळ्यात नागपूरला अधिवेशन भरतं, त्यात वर्षाच्या मध्ये कमी पडलेल्या पैशांसाठी पुरवणी मागण्या मंजूर होतात. आमची चिमूटभर मागणी त्यात घुसवायला साहेबांनी त्यांच्या सगळ्या जुन्या ओळखी वापरल्या. मी रोज कोणाला ना कोणाला फोन करत असे. अमरावतीच्या एका बाईंनी तर माझा आवाज ऐकला की नमस्काराच्या आधीच "अजून नाही" म्हणायला सुरुवात केली होती. मागणी मंजूर झाली. आम्ही पेढे वाटले. मग आदेश निघाला, मग तो अडला, मग पुन्हा निघाला, आणि पैसा मुंबईहून पुण्याला, पुण्याहून इकडे, असा येत राहिला. तिकडे कापूस थांबत नाही. एक वेचणी झाली, दुसरी झाली, मागाहून येणारी फरदडही झाली, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटून झाल्या.

पैसा आला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. आणि येता येता इतका आटला होता की पाच-सहा दिवसांच्या आहारापुरता उरला. आहाराचा म्हणजे फक्त आहाराचा. त्यातून चटईसुद्धा घेता येणार नाही.

"जा," साहेब म्हणाले. "आजच जा. यंदाही शून्य खर्च दिसला ना, तर पुढच्या वर्षी त्या पाळणाघराचं नावच राहणार नाही."

मार्चअखेर लेखा शाखेतल्या माणसाला कार्यालयाबाहेर सोडणं म्हणजे पेरणीच्या दिवशी बैल दुसऱ्याला देणं. साहेबांनी मला सोडलं. गावात पोचले तेव्हा ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा गाडीखालून उठत नव्हती. ताई पडवीत तूर पाखडत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"आता? आता कोनाले पाजू दूध? लेकरं आपापल्या मायजवळ हायेत."

"ते मला माहीत आहे."

"मंग? नसलेल्या लेकराची हजेरी लावू? ते माह्याच्यानं नाही होनार. पयलेच सांगतो."

मी संतापले. उन्हाचा संताप, फाइलीचा संताप, सगळा त्यांच्यावर निघाला. "ताई, एकदा इमानदारी करून बंद पडलं. आता दुसऱ्यांदा कराल तर कायमचं जाईल!" त्या उठून आत गेल्या. तांब्याभर पाणी आणून माझ्यापुढे ठेवलं. पाणी प्यायल्यावर मला माझी लाज वाटली, आणि का कोण जाणे, मी त्यांना आमच्या घरातले डबे सांगायला लागले. पाहुण्यांचा डबा, आई, भर उन्हात येणारी आत्या. आत्या नव्हती तर आईने खोटी आत्या दाखवली नाही. निरोप धाडून खरी बोलावली.

ताई ऐकत राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर त्या हंगामात पहिल्यांदा मला हसू दिसलं. "म्हंजे पाव्हने बोलवाचे म्हन्ता?"

त्या तेव्हाच उठल्या. डोक्यावर पदर घेऊन घरोघर निघाल्या आणि मी मागोमाग. पण बाया काही ऐकेनात. "आता आमी घरीच आहोत, लेकरू कायले पाठवू?" असं तोंडावर, आणि मनात पाणवठ्याचं भांडण. त्या तोंडाळ बाईच्या दारात तर ताईंचे पाय अडले. तिने आतूनच विचारलं, "आता कायले पाह्यजे माहं लेकरू?"

ताई म्हणाल्या, "एकलं लेकरू नको. तू बी ये संगं. पाहून त घे, तुहं लेकरू माह्यापाशी काय करे ते."

दुसऱ्या दिवशी कुलूप निघालं. आधी दोघी-तिघी आल्या, मग कुतूहलाने बाकीच्या. भिंतीला टेकून ओळीने बसल्या, लग्नाला आलेल्या व्याह्यांसारख्या अवघडून. आणि लेकरं? त्यांनी आयांकडे ढुंकून पाहिलं नाही. वर्षभर बंद असलेल्या त्या खोलीत जी थोडी मोठी होती ती थेट आपापल्या खुंटीखाली जाऊन बसली. दरवाजाजवळची जागा एकीची ठरलेली होती, तिथे दुसरं बसायला गेलं तर तिने त्याला नुसतं पाहून उठवलं. दूध यायच्या आधी हात पुढे करून दाखवायचे असतात, हे कोणी न सांगता सगळ्यांनी केलं. एक मुलगी घरी तोंड उघडत नाही म्हणून तिची आई तिला दर्ग्यापासून दवाखान्यापर्यंत फिरवून आली होती. ती उठली, पेले वाटू लागली आणि धाकट्यांना खडसावू लागली, "सांडू नको! बस खाली!"

तिची आई आपल्या शेजारणीला हळूच म्हणाली, "माय माय, हे त बोलते!"

खिचडी झाली. ताईंनी चटया टाकल्या आणि स्वतः मध्यभागी आडव्या झाल्या. लेकरं त्यांच्याभोवती लवंडली. झोळीशिवाय डोळा लागत नाही म्हणतात असं एक पोर त्यांच्या पोटाला पाठ लावून झोपी गेलं. खोलीत फक्त श्वास ऐकू येत होते. भिंतीजवळच्या बाया एकमेकींकडे बघत होत्या. इतकी वर्षं त्या लेकरं सोडून जायच्या आणि दिवस कलताना घेऊन जायच्या. मधला सगळा दिवस त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. पाहणार कधी? त्याच वेळी तर त्या वावरात असायच्या.

त्या ओळीत मीही बसले होते. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची, दिवसभर माझ्या आईजवळ. मार्चात तर मी घरी पोचायचे तेव्हा ती झोपलेली असायची. ती दुपारी कुठल्या कुशीवर झोपते, जेवताना कोणती गोष्ट मागते, कोणाला खडसावते, मला काही माहीत नव्हतं. जिल्ह्याभरातल्या लेकरांच्या दुधाची तरतूद मला तोंडपाठ होती. मला एकदम रडू आलं आणि मी ते घाम पुसतेय असं दाखवून पुसलं. शेजारची बाईसुद्धा घामच पुसत होती.

त्या पाच-सहा दिवसांचा खर्च खराखुरा लागला. हजेरी खरी, दूध खरं. पुढच्या वर्षी तरतूद झाली, थोडी वाढूनच झाली, आणि दिवाळीच्या सुमारास त्या उंबऱ्यावर पुन्हा दहीभात ठेवला गेला. आता तर पैसा कसा वेळेवर येतो. संगणकावर महिन्याचं महिन्याला वाटप दिसतं, मार्चात धावपळ उरलेली नाही, आणि हे चांगलंच आहे. साहेब निवृत्त झाले, मीही दुसऱ्या कार्यालयात गेले. बाबांचे डबे आईने माझ्याकडे दिलेत, त्यात मी डाळी भरते. तरी मार्च लागला, ऊन चढायला लागलं की माझा जीव अजून त्या खोलीकडे धावतो, आणि डोळ्यांपुढे येतो तो शेवटचा दिवस.

एकतीस तारीख होती. लेकरांचं दूध पिऊन झालं होतं, झोपा झाल्या होत्या, आया उठायच्या बेतात होत्या. आणि ताईंनी पातेल्यावरचं झाकण काढलं तर आत जवळजवळ अर्धं पातेलं दूध. उन्हामुळे लेकरं कमी प्यायली होती.

खोलीत सगळ्यांना कळलं. ताईंनी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्यांना ओळखत होते. उरलेलं परत द्यायचं, हे त्यांच्या हाडात होतं. त्यांचा चेहरा इतका केविलवाणा झाला की मला बघवेना. काय सांगावं ते मलाही सुचेना, कारण ते दूध लेकरांच्या नावाचं होतं, आणि आमच्या नियमात त्या खोलीतलं दुसरं कोणी दुधाला तोंड लावू शकत नव्हतं.

तेवढ्यात ती तोंडाळ बाई उठली. तिने ताईंच्या हातातून डाव घेतला. "बस वं तू," ती म्हणाली, "सकायपासून उभी हायेस." आणि पेल्यात दूध ओतून पहिला पेला तिने ताईंनाच दिला.

"अवं, हे लेकराइचं हाये!"

"मंग? आमी काय आभाळातून पडलो? पी. उरलं त पुन्हा बंद पडीन."

मग ती ओळीने पेले देत गेली. बायांनी पेले हातात धरले, पण कोणी पिईना. त्यांच्या घरी दूध असतं, पण ते लेकरांना, म्हाताऱ्यांना, चहाला, डेअरीला. पूर्ण पेलाभर दूध स्वतःसाठी शेवटचं कधी प्यायलं, हे त्यांतल्या कोणाला आठवलं असतं असं मला वाटत नाही. मी तिथे बसले होते, सरकारची माणूस, हिशेब तपासणारी. त्या माझ्याकडे बघत थांबल्या होत्या.

मी खिडकीकडे तोंड केलं. बाहेर, गावाला लागून असलेल्या वावराच्या धुऱ्यावर एक बाभूळ होती. सरल्या हंगामात तिला बांधलेल्या झोळीची दोरी अजून फांदीवर तशीच होती. मी ती दोरी बघत राहिले, मागे घोट गिळल्याचे आवाज येईपर्यंत. पातेलं खरवडल्याचा आवाज आला तेव्हाच मी वळले, आणि पाहिलं तर एक पेला माझ्यासमोर भरून ठेवलेला होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "ताईंकडे काही उरलं?"

"थेंब नाही," मी म्हणाले.